अपघातापेक्षा करार महागात पडला
स्टॅक्स रेकॉर्ड्स या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीवरचा लेख आवडला, पण तिचा गायक ओटिस रेडिंग डिसेंबर १९६७ मध्ये विमान अपघातात गेला आणि तिथून स्टॅक्सची घसरण लागली, हे त्यातलं म्हणणं अर्धंच खरं. खरा घात कागदाने केला. स्टॅक्सचा संस्थापक जिम स्टुअर्टने तिच्या रेकॉर्डचं वितरण करणाऱ्या अटलांटिक कंपनीशी झालेला करार नीट वाचलाच नव्हता. अटलांटिक विकली गेली तेव्हा कळलं, की इतक्या वर्षांचे मास्टर, म्हणजे गाण्यांची मूळ ध्वनिमुद्रणं, अटलांटिकच्याच मालकीची!

आणि स्टुअर्टची बहीण, स्टॅक्समधली त्याची भागीदार एस्टेल ॲक्स्टन? एक ओळही नाही? रेकॉर्डिंग मशीनसाठी बाईने घर गहाण टाकलं होतं. मेम्फिसच्या जुन्या थिएटरात स्टुडिओ, उतरती जमीन तशीच, आणि पूर्वी जिथे पॉपकॉर्न विकायचे तिथे तिचं रेकॉर्डचं दुकान. मोहल्ल्यातली पोरं काय ऐकतात, ते तिला काउंटरवरच कळायचं.