पोर रडतंय? रडू दे, आधी सही घ्या!

पोर दोन-अडीच वर्षांचं झालंय? मग थांबलात कशाला? थीम पार्कात जाऊन कार्टूनचा वेश घालून फिरणाऱ्या कॅरेक्टरांच्या सह्या गोळा करायला याहून चांगलं वय पुन्हा येणार नाही. त्याला वाचता येत नाही, सही म्हणजे काय ते कळत नाही, पेन हातात दिलं तर ते आधी चाखून बघतं. शिवाय डिस्नेच्या पार्कांत तीन वर्षांखालच्या पोरांना तिकीट लागत नाही, तेव्हा तिसरा वाढदिवस उजाडायच्या आत उरकून घेतलेलं बरं. मोठेपणी त्याला यातलं काही आठवणार नाही म्हणता? नाहीच आठवणार. बहुतेक माणसांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते. म्हणून तर सह्यांची वही करायची. पुरावा नको?

मी गेल्याच आठवड्यात लेकीला घेऊन हा पराक्रम करून आले. पार्कचं नाव सांगत नाही, कारण दोष पार्कचा नव्हता. ज्यांचा होता, ते हे वाचत असतील तर त्यांना पुढे रांगेपाशी आलं की कळेलच. तेव्हा अनुभव ताजा आहे तोवर चार सल्ले देते.

आधी सामग्री. वही चकचकीत कागदाचीच घ्या, म्हणजे शाई लवकर वाळत नाही आणि वही मिटली की सशाची सही समोरच्या पानावर उलटी उमटते. एका सहीत दोन सह्या. पेन मात्र बारीक, गुळगुळीत, बॉलपेन. त्या कॅरेक्टरच्या हातात उशीएवढा हातमोजा असतो आणि त्याला बोटं चार. (चारच का, तर पूर्वी पडद्यावरच्या एका सेकंदासाठी हाताने चोवीसपर्यंत चित्रं काढावी लागायची, हाताचं एक बोट कमी केलं की तेवढीच मेहनत वाचायची. ती काटकसर अजून हातमोज्यात शिल्लक आहे.) त्या चार फुगीर बोटांत तुमचं बॉलपेन धरलं जात नाही. ते खाली पडतं. मुखवट्याच्या जाळीतून समोरचं जेमतेम दिसतं, पायाशी पडलेलं काय दिसणार? मग सोबतचा अटेंडंट वाकून पेन शोधतो, आणि तेवढ्या वेळात मागची सगळी रांग तुमच्या कुळाचा उद्धार करून घेते. जाड मार्कर आणणारे, टोपण आधीच काढून कोरं पान उघडून समोर धरणारे काही लोक असतात. त्यांचं काम दहा सेकंदांत होतं. त्यात काय मजा?

सही अस्सल आहे का, ही काळजी करू नका. मोठ्या पार्कांत प्रत्येक कॅरेक्टरची सही ठरलेली असते. आत कुणीही असो, वळण तेच यावं म्हणून ती त्यांच्याकडून घोटवून घेतात. तुमच्या पोराने अजून एक अक्षर गिरवलेलं नाही. तोवर दुसऱ्याने त्याच्यासाठी गिरवलेलं जपून ठेवा.

‘आत माणूस असतो गं’ हे बायकोला सांगायचंच असेल, तर रांगेतल्या सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं सांगा.

वेळ कोणती निवडावी? पोराच्या दुपारच्या झोपेची.

आता रांग. हा सल्ला जरा लांबेल.

रांगेत सगळ्या घराने उभं राहण्याचा खुळेपणा करू नका. एकाला उभा करा, बाकीच्यांनी पाळण्यात बसून या, आगगाडीत बसून या, बसून बसून कंटाळलात की मग रांगेत या. माझ्या पुढे असेच एक गृहस्थ होते. एकटे. शांत. खांद्याला फुगलेली कापडी पिशवी. मी मनात म्हटलं, नशीब आपलं, एकटा माणूस आहे, पटकन होईल. पंचेचाळीस मिनिटं आम्ही त्या पिशवीच्या मागून इंचाइंचाने सरकत होतो. लेक आधी कडेवर, मग खाली, मग रांगेच्या साखळीला लोंबकळून झाली, मग पुन्हा कडेवर. तीन गोष्टी सांगून झाल्या. चौथी तिनेच मला सांगितली. तिच्यात एक मांजर होतं आणि ते पडलं, एवढीच होती. सँडलचा चिकटपट्टा उघडायचा, लावायचा, उघडायचा, लावायचा, तो कर्र आवाज आला की ती हसायची. त्या एका चिकटपट्ट्यावर आम्ही शेवटची पंधरा मिनिटं काढली. पुढे ससा दिसायला लागला. चांगला साडेसहा फुटी, कानांसकट जास्तच. लेक एकदम गप्प झाली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘तो मोठा आहे.’ मी म्हटलं, हो, मोठा आहे. आपण लांबूनच बघू या हं. तिने मान हलवली.

आमच्या पुढे ते गृहस्थ, त्यांच्या पुढे एकच जोडपं. तेवढ्यात गृहस्थांनी फोन कानाला लावला आणि एकच शब्द बोलले. ‘या.’

आणि ते आले. साखळीखालून, साखळीवरून, ‘जरा बाजू, जरा बाजू’ करत, एक बाबागाडी माझ्या पायावरून घेऊन आले. बारा जण. मी मोजले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. ‘आमचेच आहेत हे,’ गृहस्थ मला म्हणाले, जणू मी ते माझे समजून घरी नेणार होते. मी म्हटलं, ‘अहो, आम्ही पाऊण तास उभ्या आहोत.’ त्यावर त्यांच्यातल्या एक बाई मागे वळल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, ‘समजून घ्या ना, आमच्याबरोबर लहान मूल आहे.’

मला! माझ्या कडेवर काय कलिंगड होतं? आणि माझ्या मागे जी तीस-चाळीस माणसं उभी होती, त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या कडेवर, खांद्यावर, पायाशी काय होतं? कार्टूनच्या सशाला भेटायला आलेली रांग ती. तिथे लहान मूल नाही कुणाबरोबर?

मग पिशवी उघडली. तिच्यातून आठ वह्या निघाल्या. आठ! बाराजणांत पोरं मोजून तीन. उरलेल्या पाच वह्या कुणाच्या, तर जी पोरं आलीच नव्हती त्यांच्या. एक आत्याच्या मुलीची, एक ऑफिसातल्या कुणाच्या तरी नातवाची, एकीवर नाव घालायचं राहिलं होतं म्हणून तिथे उभ्या उभ्या चर्चा. आणि पेन? बॉलपेन. एकच. आठ वह्यांत मिळून एक बॉलपेन. ससा बिचारा दोन्ही पंज्यांत ते धरून लिहीत होता.

वह्या झाल्या आणि फोटोची वेळ आली. त्यांचं धाकटं दोन वर्षांचं असेल. तोपर्यंत ते बापाच्या गळ्याला मिठी मारून, मानेत तोंड खुपसून होतं. ‘जा, ससोबाकडे जा!’ ते हललं नाही. ‘काही करत नाही तो!’ ते किंचाळलं. मग त्या सगळ्यांनी मिळून जे केलं ते मी दोन हातांवरून पाहिलं. पोराने बापाची कॉलर दोन्ही मुठींत धरली होती. आजीने त्याची बोटं एकेक करून सोडवली. एक सुटलं की दुसरं जास्त घट्ट. एका पायातला बूट पडला तो कुणी उचलला नाही. पोराचं तोंड उघडं आणि आवाजच येत नाही, इतकं ते रडत होतं. श्वास आत अडकलेला. आणि समोर सहा जण मोबाइल धरून, ‘इकडे बघ! हस! हस बघू!’

ससा दोन पावलं मागे गेला. खाली बसला. दोन्ही पंजे डोळ्यांवर ठेवले आणि तोंड फिरवून बसून राहिला, म्हणजे पोराला आपण दिसू नये. त्या सगळ्या गोतावळ्यात पोराची दया आली ती एकट्या सशाला. आणि यावर ते गृहस्थ त्याला काय म्हणाले असतील? ‘जरा फोटोत या ना.’

असो. मी सल्ले देत होते, नाही का?

तर पोर घाबरलं, तर ते नाटक करतंय असं समजा. स्वतःला कधी त्याच्या जागी ठेवून बघू नका. तुमच्या दुप्पट उंचीचं, बाबागाडीएवढं डोकं असलेलं, पापणी न हलवणारं, बोललात तर उत्तर न देणारं आणि तरी सारखं हसणारं काहीतरी हात पसरून तुमच्याकडे येतंय, आणि ज्या माणसावर तुमचा जगात सगळ्यात जास्त भरवसा आहे तोच मागून ढकलतोय, ‘जा ना!’ असली कल्पना करायला बसलात, तर सही राहून जायची.

परीराणी किंवा राजकन्या असेल तर काम सोपं. त्यांना मुखवटा नसतो, त्या बोलतात, गुडघ्यावर बसून पोराचं नाव विचारतात. उत्तर मात्र पोराला देऊ देऊ नका, तुम्हीच द्या. वय, शाळेचं नाव, कविता येते हेही.

साथीचा काळ आठवतो? २०२० साली पार्कं बंद पडली. उघडली तेव्हाही अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत कॅरेक्टरांना मिठी मारायला आणि त्यांच्या सह्या घ्यायला बंदी होती, ती उठली एप्रिल २०२२ मध्ये. मधले दिवस काय वाईट! कॅरेक्टर लांब उभं राहून हात हलवायचं, पोरं लांबून हात हलवायची. कुणी कुणाला ओढत नव्हतं, कुणाच्या मांडीवर टाकत नव्हतं, बोटं सोडवत नव्हतं. किती हाल काढले असतील त्या पोरांनी!

माझ्या रांगेचं पुढे काय झालं ते राहिलंच. आठ वह्या आणि बावीस फोटो झाले, गोतावळा हलला, आणि अटेंडंटने आमच्यासमोर साखळी लावली. सशाची वेळ संपली होती. त्या जाड लोकरी अंगरख्यात किती घामाघूम व्हायला होतं ते आत शिरणाऱ्यालाच ठाऊक; म्हणून त्यांना थोड्या थोड्या वेळाने आत नेतात, आणि न्यायलाच हवं. त्या मुलाबद्दल, मुलगी असेल तर मुलीबद्दल, माझी काहीही तक्रार नाही. जाता जाता ससा आमच्यापाशी थबकला. लांबच थांबला, हात तेवढा पुढे केला. लेकीने कडेवरूनच त्याच्या हातमोज्याच्या एका बोटाला आपलं बोट लावलं. मग मोजलं. एक, दोन, तीन, चार. आणि पाचवं कुठे दिसेना म्हणून गंभीरपणे मला म्हणाली, ‘बोट हरवलं.’

एवढीच भेट. पाच सेकंदं असतील. वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती, कारण खोटं कशाला बोलू, मीही वही घेऊनच गेले होते. ती कोरीच परत आली. घरी लेकीने तिच्या पहिल्या पानावर मार्करने चार रेघा ओढल्या आणि पाचवी शोधत बसली.

आता उपरोध बाजूला ठेवते, कारण रात्री झोपताना मला तो ससा डोळ्यांवर पंजे ठेवून बसलेला दिसतो.

लाज वाटायला हवी होती तुम्हाला. रांगेत घुसलात याची वाटली नसेल तर सोडा, ते काही तुम्ही पहिल्यांदा केलेलं नाही. पण स्वतःचं पोर श्वास अडकेपर्यंत रडतंय आणि तुम्ही त्याला ‘हस’ म्हणता? त्याने कॉलर का धरली होती? तुम्ही त्याचे म्हणून धरली होती. रांगेत बारा जण जाणार असाल तर बाराही जणांनी रांगेत उभं राहा. जे पोर आलेलं नाही त्याला सही नको आहे, त्याच्या आईबापाला तोंडदेखलं द्यायला तुम्हाला हवी आहे. तर वहीत तुम्हीच सही करा, कुणाला कळणार आहे? जाड पेन न्या. मागून धावत जाऊन सशाला मिठ्या मारू नका, त्याला दिसत नाही. आणि पोर नको म्हणालं तर नको. कडेवर घ्या, चार पावलं मागे या, हात हलवायचा असेल तर हलवू दे, नसेल तर तेही राहू दे. तो बूट उचला आधी.

आणि बाई, तुम्हाला म्हणून सांगते. ते कलिंगड नव्हतं. माझी लेक होती.