थायलेरिओसिसची लस : एका आक्षेपाला उत्तर

थायलेरिओसिस या गोचिडांमुळे गाईंना होणाऱ्या आजारावरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. जिवंत परजीवी टोचणे ही जुनाट व धोक्याची पद्धत आहे, हा पहिला. आणि गोचीड नीट मारले तर लसीची गरजच उरत नाही, हा दुसरा. दोन्ही मी गांभीर्याने वाचले, पण पहिला मला बहुतांशी मान्य नाही.

थायलेरिया ॲन्युलाटा हा परजीवी ह्यालोमा गोचिडाच्या लाळेतून गाईच्या शरीरात शिरतो, पांढऱ्या पेशींत मुक्काम करतो आणि त्या पेशींना सतत विभागायला लावून त्यांच्याबरोबर स्वतःही वाढत राहतो. पेशीच्या आत बसलेल्या या शत्रूपर्यंत प्रतिपिंडे (रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिने) पोहोचत नाहीत. बाधित पेशीच ओळखून ठार करणाऱ्या टी पेशी तयार व्हाव्या लागतात, आणि मृत परजीवीच्या लसीतून त्या पुरेशा तयार होत नाहीत. म्हणून बाधित पेशी प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून त्यांची रोगकारक शक्ती क्षीण केली जाते आणि अशा जिवंत पेशीच लस म्हणून टोचल्या जातात. हैदराबादेत तयार होणारी भारतीय लस याच पद्धतीची आहे. आधुनिक मार्ग कोणी चोखाळला नाही असेही नाही. पूर्व आफ्रिकेतील थायलेरिया पार्वा या त्याच्याच जातकुळीतल्या परजीवीविरुद्ध पी-67 या प्रथिनाची लस करून पाहिली गेली. तिचे संरक्षण अंशतःच ठरले, आणि तेथील पशुपालक आजही तीन वाणांचे जिवंत परजीवी व दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक एकाच वेळी टोचण्याच्या ‘मुगुगा कॉकटेल’वर विसंबतात. त्या पद्धतीत लसवलेले जनावर परजीवीचे वाहक राहू शकते, एवढ्यापुरती धोक्याची आपली शंका रास्त आहे.

गोचीडनिर्मूलन हवेच. परंतु ह्यालोमा गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत दडतो, त्यामुळे केवळ जनावराच्या अंगावर फवारणी करून भागत नाही. शिवाय गोचिडांमध्ये औषधांना प्रतिकारही वाढतो आहे. देशी गाईंत हा आजार बहुधा सौम्य राहतो, होल्स्टीन व जर्सी संकरित गाईंत मात्र तो जीवघेणा ठरतो, आणि आपल्याकडचा दूधधंदा मोठ्या प्रमाणावर याच गाईंवर उभा आहे.

लसीची खरी अडचण आपण मांडलीच नाही : ती उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते आणि वितळवल्यावर लगेच वापरावी लागते. मात्र कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचे कंटेनर दूध संघांकडे असतातच. गावातील संकरित वासरे एकाच दिवशी एकत्र आणून लसीकरण करण्याची मागणी आपण संघाकडे केलीत, तर त्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा राहील.