पुसता पुसेना

जुना संगणक कुणाला तरी देऊन टाकावा, हा विचार जितका उदात्त, तितकाच तो अमलात आणणे जिकिरीचे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला तो द्यायचे ठरले मात्र, आणि वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या त्या डब्यात आपली सारी गुपिते आहेत, असा साक्षात्कार घरातल्या प्रत्येकाला झाला. आधार-पॅनच्या प्रती, आयकराची विवरणपत्रे, भाच्यांच्या पत्रिका आणि डेस्कटॉपच्या अगदी मधोमध, चोराची गैरसोय होऊ नये अशा बेताने ठेवलेली ‘सर्व पासवर्ड नवीन’ नावाची फाइल!

‘‘डिलीट करा आणि रीसायकल बिन रिकामा करा, त्यात काय एवढं?’’ असे म्हणून सौभाग्यवतींनी विषय संपवला होता. भाच्याने तो पुन्हा उघडला. डिलीट केल्याने डिस्कच्या नोंदवहीतून फक्त फाइलचे नाव कमी होते, मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जागच्या जागी राहतो, आणि सगळी डिस्क झटपट रिकामी करून दाखवणाऱ्या क्विक फॉरमॅटचीही तीच गत. थोडक्यात, दारावरची पाटी काढली तरी भाडेकरू आत घोरतच असतो.

तेवढ्यात शेजारचे निवृत्त बँक अधिकारी आले. संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांनी 1996 मध्ये सांगितल्याप्रमाणे डिस्कवर 35 वेळा लिहिल्याखेरीज माझ्या विवरणपत्रांची धडगत नाही, असे त्यांनी बजावले. (माझे उत्पन्न पाहण्यासाठी कुणी प्रयोगशाळा उभारील, हा त्यांचा विश्वास मला सुखावून गेला.) 500 जीबीच्या आमच्या डिस्कवर एकदा शून्ये लिहायलाच सुमारे दोन तास लागणार होते, पस्तीस वेळा म्हणजे जवळजवळ तीन दिवस. आजच्या डिस्कना 35 फेऱ्यांची गरज नाही, असे खुद्द गुटमन यांनीच पुढे स्पष्ट केले आहे, आणि अशा साध्या चुंबकीय डिस्कवर एकदा नीट लिहिले की सहसा पुरते, असे अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेचे 2014 चे मार्गदर्शनही सांगते. हे ऐकल्यावर, ‘‘बघा बुवा, कागदपत्रं तुमची आहेत,’’ असे म्हणत ते चहा पिऊन गेले. चुंबकीय तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी एसएसडी असती, तर असे वरून लिहून भागले नसते आणि तिचा सगळे पुसून टाकणारा वेगळा ‘सिक्युअर इरेज’ आदेश शोधावा लागला असता; तेवढे एक संकट टळले.

रात्री शून्ये लिहायला लावली. निम्म्याच्या पुढे गेल्यावर नेमकी लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून! पहाटे पडद्यावर ‘पूर्ण’ असा शब्द उमटला, तेव्हा मुलगी सासरी पाठवल्याचे समाधान मला लाभले.

सकाळी मावशींचा मुलगा आला. त्याने बटण दाबले आणि काळ्या पडद्याकडे बराच वेळ पाहिले. गुपितांबरोबर विंडोजही धुऊन निघाले होते.

‘‘काका,’’ तो अदबीने म्हणाला, ‘‘बिघडलाय म्हणून देताय का?’’