इन्वार घेतलं तरी चालतं म्हणे, नाही चालत!

परवापासून एक मेसेज फिरतोय की काच आणि धातूचं सील करायला कोवारच (लोखंड-निकेल-कोबाल्टचा मिश्रधातू) कशाला, इन्वार (लोखंड-निकेलचा मिश्रधातू) तापल्यावर त्याहून कमी फुगतं म्हणजे ते जास्त चांगलंच की. कृपया हे वाचून ऑर्डर देऊ नका, काच तडकेल.

मुद्दा कमी फुगण्याचा नाहीच, काचेएवढंच फुगण्याचा आहे. इन्वारमधे ३६ टक्के निकेल, बाकी बहुतेक लोखंड, आणि रूम टेंपरेचरला ते दर डिग्रीला १० लाखात साधारण १.२ भाग वाढतं हे खरंय, पण २००-२५० डिग्रीच्या पुढे त्याचा हा गुण जातो आणि ते भराभर फुगायला लागतं. काच घट्ट होते ती ५०० च्या आसपास, मग तिथून थंड होताना दोघं वेगवेगळं आकसतात आणि सगळा ताण काचेवर येतो. कोवारमधे २९ टक्के निकेल आणि १७ टक्के कोबाल्ट, म्हणून ते साधारण ४३५ डिग्रीपर्यंत बोरोसिलिकेट (उष्णता सोसणाऱ्या कडक) काचेच्या जोडीनं चालतं, वाढीचा आकडा दर डिग्रीला १० लाखात ५ च्या आसपास. मऊ काचेला (साधी सोडा-लाइम किंवा शिशाची) मात्र कोवार नको, तिथे साधारण ५१ टक्के निकेलवाला 'अलॉय ५२' हा मिश्रधातू बघा.

आणि चुंबक चिकटलं म्हणून माल नकली असंही कोणीतरी लिहिलंय. अहो, कोवार चुंबकाला चिकटतंच!

घेताना एएसटीएम एफ-१५ चं (कोवारचं अमेरिकन मानक) टेस्ट सर्टिफिकेट हीट नंबरसकट (धातूच्या त्या घाण्याचा नंबर) मागा, त्यात ३० ते ४०० आणि ३० ते ४५० डिग्रीचे प्रसरणाचे आकडे स्वतः बघा, नुसत्या नावावर जाऊ नका.