आधी कार्डाचं बिल, मग एसआयपी

पोरगं नोकरीला लागलं की जो भेटेल तो एकच सांगतो, एसआयपी चालू कर, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाक. सल्ला चांगलाच आहे. पण त्याआधी त्याला विचारा, क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरतोस की मिनिमम, म्हणजे बँक मागते तेवढी किमान रक्कम?

परवा ऑफिसातल्या एका मुलाचं स्टेटमेंट पाहिलं. सांगलीकडचा, पुण्यात पहिलीच नोकरी. महिन्याला २,००० ची एसआयपी इमानेइतबारे चालू आणि कार्डावर ५०,००० थकलेले. ऑटोपे लावलेला, पण 'मिनिमम अमाउंट ड्यू'वर. बिल वेळेवर जातंय, या समाधानात तो होता.

कागदावर हिशोब मांडला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५. झाले २,०६५. तो भरतो पाच टक्के, म्हणजे २,५००. मुद्दलातून फिटले फक्त ४३५ रुपये! तेही नवीन काही घेतलं नाही तर. बाकी थकलेली असली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज किराणा घेतला की आजपासून व्याज.

आणि मिनिमम भरत राहिलं की लेट फी लागत नाही, वसुलीचा फोन येत नाही, सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, हप्ता चुकल्याची नोंद होत नाही. मग पोरांना कळणार कसं?

गावाकडे सावकाराचं व्याज महिन्याच्या शेकड्यावर सांगतात. शेकडा साडेतीन म्हटलं तर जुनी माणसं त्या दारात पाऊल टाकणार नाहीत. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. कार्डाचं होतं ४२, कारण बँकांना हा कायदा लागूच नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरचं ३० टक्क्यांपुढचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मला हे अजिबात पटलेलं नाही. पण आजची स्थिती ही आहे आणि पोरांना ती कुणी सांगत नाही.

मी त्याला म्हटलं, कार्ड कपाटात टाक. एसआयपी थांबव, फंडात साठलंय ते काढून कार्डात भर. फंडाने १२-१५ टक्के दिले तरी इथे ४२ जातायत. उरलेल्यासाठी पर्सनल लोन बघ, ते कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. नाहीतर घरी सांग.

घरी म्हटल्यावर तो गप्प झाला. वडिलांची उसाची शेती. "दादा, त्यांना वाटेल पोरगं वाया गेलं."

या भीतीपोटी पोरं एका कार्डाचं बिल भागवायला लोन ॲपवरून पैसे उचलतात आणि आणखी खोलात जातात. म्हणून आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. पगार किती, हे विचारता तसं कार्डावर बाकी किती, हेही विचारा. आकडा ऐकून आवाज चढवू नका, नाहीतर पुढच्या वेळी खरा आकडा कळणार नाही.

आणि पोरांनो, आज बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपे बघा. तिथे 'टोटल अमाउंट ड्यू' निवडलेलं हवं. तेवढे पैसे खात्यात नसतील तर कार्ड वापरणं आजच थांबवा. हिशोब मांडायला कुणी हवं असेल तर मला इनबॉक्स करा, मी बसेन तुमच्यासोबत.