कानामागून आली

हजार रुपयांच्या आसपासचा वायरवाला इअरफोन आवाजाला कसा आहे हे खोक्यावरून कळेल, अशा भ्रमात कोणी राहू नये. ‘२० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ’ हा मजकूर पदपथावरच्या मालावरही असतो आणि काचेच्या कपाटातल्याही. निरोगी तरुण कानाची कक्षाच साधारण तेवढी असल्याने हा आकडा वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जावरील ‘निर्व्यसनी’ या शब्दाइतकाच बोधप्रद आहे. त्या कक्षेतला कुठला स्वर किती जोरात वाजतो, हे कोणी छापत नाही. शिवाय वयाबरोबर वरचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात, म्हणजे त्यातील वरच्या काही हजार हर्ट्‌झचे पैसे मी केवळ परोपकार म्हणून भरतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा विक्रेता मला “काका, बेस बघा!” म्हणत आवाज शेवटपर्यंत चढवतो. मंद आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवले. त्याचा व्यापारी उपयोग मात्र या गल्लीत शिकावा. मी निवडलेले दोन्ही इअरफोन सारख्याच आवाजात लावून दाखवा, असे म्हटल्यावर तो लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

शेवटी दोन्ही घरी आणले. घरी माझी कसोटी तंबोरा. चांगल्या इअरफोनमध्ये खर्जाची तार छेडल्यावर तिच्यातून जवारीचे बारीक स्वर एकेक उमलताना ऐकू येतात. स्वस्तातल्या पहिल्या इअरफोनमध्ये खर्जाने बाकी साऱ्यांना गिळून टाकले आणि डग्ग्याचा घुमारा पुढची थाप पडली तरी उठायला तयार नव्हता. दुसऱ्यात तंबोरा स्वच्छ होता, पण डाव्या कानात खर्ज अजिबात नव्हता. बोटाने दाबले की येई, सोडले की जाई. रबरी टोपी कानात घट्ट बसली नाही, तर फटीतून आधी खर्जच निसटतो. अखेर डावीकडे मोठी आणि उजवीकडे मधली टोपी चढवली, तेव्हा दोन्ही बाजूंचा तंबोरा एका सुरात आला.

“दोन कानांत दोन मापं? लोक काय म्हणतील?” असे सौभाग्यवतींनी विचारले. कानात डोकावून पाहणारे लोक आपल्याकडे येत नाहीत, हे उत्तर त्यांना पटले नाही.

पुतण्याचे म्हणणे वेगळेच. “काका, साउंडस्टेज बघा. कोण पुढे, कोण मागे, कळतं का?” तंबोऱ्याची साथ करणारी मंडळी गायकाच्या मागेच बसतात, ते कळायला हजार रुपये कशाला? इअरफोन शंभर तास वाजवत ठेवला की खुलतो, असाही त्याचा सल्ला होता. माझ्या मते त्या अवधीत आपल्या कानाला सवय होते आणि वस्तू परत करण्याची मुदत संपते.

डोळे मिटून तुलना करावी म्हटले, तर तेही जमेना. एकाची वायर सरळ खाली लोंबते, दुसऱ्याची कानामागून घ्यावी लागते. त्यामुळे संगीत सुरू होण्याआधीच कानाला उमेदवाराची ओळख पटते. कानामागून येणारी मात्र शर्टाला घासून खरखर करत नाही, एवढ्यासाठीही मी तिला गुण देतो.

मी दुसरा ठेवला. पहिला सौभाग्यवतींनी मालिकांसाठी उचलला, कारण त्यांच्या मते सासू दार आपटते तेव्हा तो फारच सुरेख वाजतो.