तीन जिन्नस, ४१ प्लगिन

नारायण पेठेतल्या राहत्या घरातून मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि दाण्याची चटणी असे तीन जिन्नस ऑनलाइन विकण्याचे आपण ठरवले आहे, हे ऐकून आनंद झाला. मात्र डाळ खमंग भाजली गेली का, पाकिटांचे फोटो उजेडात काढले का, असल्या किरकोळ चिंतांत वेळ घालवू नये. आधी प्लगिन, म्हणजे साइटला एकेक नवी सोय जोडणारी छोटी सॉफ्टवेअर, निवडावीत. साइट उभारण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरच्या अधिकृत संग्रहात ती ६०,०००च्या आसपास आहेत, शिवाय फुकट आहेत, आणि फुकट मिळणारी वस्तू नाकारण्याची रीत आपल्या पेठांत नाही.

एकटे वूकॉमर्स हे दुकानाचे प्लगिन बसवले तरी मालाची यादी, कार्ट, चेकआउट, कूपन, कर आणि पाठवणीचा खर्च एवढे सगळे त्यातच येते. त्याला यूपीआय आणि कार्ड स्वीकारणारे एक पेमेंट गेटवे जोडले की दुकान सुरू होऊ शकते. इथेच थांबणारी माणसे असतात, पण त्यांच्याविषयी न बोललेले बरे. आपण बोहरी आळीत एक बिजागरी आणायला गेलेल्या आणि ड्रिल मशिन घेऊन परतलेल्या गृहस्थाचा आदर्श ठेवावा.

साइट जलद उघडावी म्हणून पानांच्या तयार प्रती साठवणारे कॅशिंग प्लगिन घेतात. आपण दोन घ्यावीत. या कामासाठी वर्डप्रेस एकच ठरावीक फाइल ओळखते, त्यामुळे वाड्यातल्या एका नळावर दोन बिऱ्हाडांनी हंडे लावावेत तशी दोघांची जुंपते. कार्ट आणि चेकआउटची पाने या साठवणीतून वगळावीत, असे जाणकार बजावतात. त्यांचे ऐकले नाही, तर कोथरूडच्या बाईंना स्वतःच्या कार्टमध्ये हडपसरच्या गृहस्थांची दोन किलो भाजणी दिसू शकते, आणि ग्राहकांच्या परस्पर ओळखी वाढतात.

विकतच्या प्लगिनची कुलूप तोडलेली प्रत कुणी चकटफू देत असेल तर अवश्य घ्यावी, आणि तिच्यातून आत आलेला चोर शोधण्यासाठी सुरक्षेचे प्लगिन त्यावर चढवावे.

खरी कलाकुसर मात्र ग्राहकाच्या डोळ्यांपुढे असते. माझ्या मावशीने अशाच एका होतकरू दुकानातून मोबाइलवर पाव किलो मेतकूट घेण्याचा प्रयत्न केला. पान उघडताच खालून कुकीजची पट्टी वर आली, वरून सूचना पाठवण्याची परवानगी मागितली गेली, आणि मधोमध सवलतीचे रंगीत चक्र गरगरू लागले. तिने चष्मा पुसून ते सारे निष्ठेने बंद केले, तर गप्पा मारायला उत्सुक असलेला हिरवा गोळा नेमका ‘ऑर्डर नोंदवा’ या बटणावर येऊन बसला. ‘‘अरे, आधी याच्याशी बोलल्याशिवाय मेतकूट देत नाहीत का?’’ असे तिने मला फोनवर विचारले. तिला काय ठाऊक, त्या एका पडद्यामागे चार प्लगिन राबत होती!

‘नाशिकच्या ग्राहकाने आत्ताच भाजणी घेतली’ असे दर मिनिटाला सांगणारे प्लगिन पहिली विक्री होण्यापूर्वीच बसवावे. नंतर त्यात गंमत राहत नाही. ‘फक्त २ पाकिटे शिल्लक’ हेही असावे, घरात भाजणीचा डबा काठोकाठ भरलेला असला तरी. ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या १३ क्लृप्त्यांची यादी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये मनाई म्हणून जाहीर केली आणि खोट्या घाईला तिच्यात अग्रस्थान दिले. खरेदीची यादी म्हणून ती फार सोयीची आहे.

बॅकअपचे प्लगिन हवेच, पण बॅकअप साइटच्याच सर्व्हरवर ठेवावा, म्हणजे साइट गेली की तोही जातो आणि मागे हळहळ उरत नाही.

शेवटी सर्व ४१ प्लगिनांचे अपडेट आपोआप होऊ द्यावेत आणि मुहूर्त दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला गाठावा. सकाळी साइटच्या जागी ‘गंभीर त्रुटी’ एवढाच मजकूर दिसेल. साइटसाठी सर्व्हर भाड्याने देणारा होस्टिंगवाला फोनवर शांतपणे सांगेल, की सगळी प्लगिन बंद करा आणि एकेक चालू करून बघा. तेव्हा सोबतीला मऊ भात लावावा, वर साजूक तूप घ्यावे, आणि विक्रीसाठी भरलेले मेतकुटाचे पहिले पाकीट फोडावे. एकविसाव्या प्लगिनापर्यंत दुसरे लागेल.